व्हिडिओ काढायच्या आधी चाकाला दगड लावा

सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. शिमल्यातली एक चढाची गल्ली, त्यात अडकलेली महाराष्ट्राच्या नंबरप्लेटची गाडी. गाडी पुढे जाते, थांबते, हातभर मागे येते, परत थांबते. बाजूला सात-आठ जण मोबाइल वर धरून उभे. मागून हसण्याचे आवाज. खाली आमच्याच माणसांच्या कॉमेंट्स: "चालवता येत नाही तर जातात कशाला?", "नक्की बाई असणार." ही दुसरी कॉमेंट माझ्या सख्ख्या मावसभावाची आहे. गाडीच्या काचा बंद आहेत आणि त्यावर पाऊस आहे. चालवणारं माणूस दिसतसुद्धा नाही!

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून ऑफिसातून आल्या आल्या लिहायला बसलेय.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या शेवटी, मी तशाच गल्लीत होते. गाडीत आई, बाबा आणि मी. बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखरे. चंदीगडहून भाड्याची गाडी घेतली होती. परवाणू, सोलन, शोघी करत वर आलो, सगळा रस्ता छान. मी गाडी नवीन शिकलेली नाही. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी हे सगळे घाट मी पावसाळ्यातही केलेत. त्यामुळे चढाची भीती म्हणून नव्हतीच.

पण घाट वेगळा आणि घाटात वसलेलं शहर वेगळं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. घाटात वळणं कितीही असोत, वाट एकच असते. हरवायला जागाच नसते. शिमल्यात तुमच्या डोक्यावर एक रस्ता असतो, त्याच्या डोक्यावर दुसरा, पायाखाली तिसरा. प्रत्येकावरून गाड्या किंवा माणसं चाललेली असतात आणि एकावरून दुसऱ्यावर जायला बहुतेक ठिकाणी फक्त पायऱ्या. नकाशावर हे सगळे रस्ते एकमेकांना चिकटून काढलेल्या रेघा दिसतात. मोबाइल सपाट. त्याला तुम्ही कुठल्या मजल्यावर आहात हे कळत नाही. डोंगराच्या आडोशाला उपग्रहाचा सिग्नल दबतो आणि निळा ठिपका वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर उडी मारतो. मोबाइलमधली ती बाई मात्र तेवढ्याच ठामपणे सांगत राहते, उजवीकडे वळा. उजवीकडे दगडी भिंत!

आम्हाला जायचं होतं ते हॉटेल "मॉल रोडपासून चालत दोन मिनिटं". बुकिंग करताना हे वाचून मी खूश झाले होते, बाबांना फार चालावं लागणार नाही म्हणून. पण मॉल रोडवर, म्हणजे शिमल्याच्या वरच्या बाजाराच्या रस्त्यावर, आपली गाडी जातच नाही, हे त्या पानावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. शिमल्यात काही रस्ते गाड्यांना पूर्ण बंद आहेत, काही परवान्याशिवाय बंद. त्यासाठी २००७ चा वेगळा कायदाच आहे. ब्रिटिशांच्या वेळी तर मॉलवर व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर एवढ्यांनाच गाडी नेता यायची. बंदी आजही हवीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. उलट ती आहे म्हणून मॉल इतका सुंदर वाटतो. पण ज्या हॉटेलपाशी गाडी पोचतच नाही, त्यानं पैसे घेण्याआधी तेवढं एक वाक्य लिहायला काय हरकत होती? फोन केला तर पलीकडून गोड आवाजात, "मैडम, बस ऊपर ही है."

ऊपर. हा शब्द त्या संध्याकाळी मी किती वेळा ऐकला असेन! ऊपर सगळंच आहे हो तिथं. ऊपर कुठून जायचं ते सांगा.

कार्ट रोडवरून, म्हणजे खालच्या मुख्य गाडीरस्त्यावरून, जाताना नकाशानं आम्हाला व्हिक्टरी टनेलमधून पलीकडे काढलं. म्हणजे डोंगराच्या चक्क दुसऱ्या अंगाला. ज्या कण्यावर हे शहर बसलंय तो कणा म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. एका बाजूचं पाणी सतलजमधून अरबी समुद्राकडे जातं, दुसऱ्या बाजूचं यमुनेकडून बंगालच्या उपसागराला. आम्ही अर्ध्या मिनिटात इकडच्या पाण्यावरून तिकडच्या पाण्यावर गेलो आणि मला पत्ताही नाही. ऊन गेलेलं, ढग उतरलेले, दोन्हीकडे सारखेच देवदार, सारखीच हिरव्या-लाल पत्र्यांची छपरं. पूर्व कुठे, पश्चिम कुठे, काही समजेना. परत फिरायला जागा मिळेपर्यंत कितीतरी पुढे जावं लागलं. परत बोगदा, परत कार्ट रोड. आई मागे शांतपणे स्तोत्र म्हणायला लागली होती, त्यावरून मला कळलं की तीही घाबरलीये.

आणि मग ती गल्ली. नकाशा म्हणाला डावीकडे वर, मी वळवली. सिमेंटचा उभा चढ, एका गाडीपुरता. गाडी निम्मी वर गेली आणि समोरून जीप उतरली. मी ब्रेक दाबला. पावसाची सर नुकतीच येऊन गेलेली, सिमेंट ओलं. परत उचलायला गेले तर गाडी मागे सरकली. हाफ क्लचवर धरायला गेले, तर दोन मिनिटांत क्लच जळल्याचा तो करपट वास. मागचा अर्धा भाग अजून कार्ट रोडवरच होता आणि त्याच्यामागे सरकारी बस. बसच्या मागे सगळं शिमला.

माझे पाय थरथरत होते. डावा पाय तर इतका की क्लचवर तो ठेवलाय की नाही तेच कळेना.

तेवढ्यात बाबांनी दार उघडलं. मी ओरडले, "बाबा, उतरू नका!" ते उतरले. भिंतीला एक हात धरत, एकेक पाऊल तिरकं टाकत मागे गेले, गटाराच्या कडेचा एक दगड दोन्ही हातांनी उचलला आणि वाकून मागच्या चाकाला लावला. ज्या माणसाला घरी जमिनीवर बसून जेवता येत नाही, तो ओल्या चढावर गुडघ्यात वाकला होता. मी आरशातून बघत होते. त्यांच्या स्वेटरची पाठ तेवढी दिसत होती.

आता सांगा, त्या वेळी कुणी मोबाइल काढून हसलं असतं, तर?

कुणी हसलं नाही. बसमधली सगळी माणसं खिडकीतून बघत होती, पण एकही हॉर्न वाजला नाही. बसचा कंडक्टर खाली उतरला. गळ्यात शिट्टी, ती हिमाचलच्या कंडक्टरांकडे असतेच, बस मागेपुढे घ्यायला. तो आधी बाबांपाशी गेला, त्यांना दंडाला धरून कडेला उभं केलं, दगड पायानं अजून आत दाबला. मग जीपवाल्याकडे बघून दोनदा शिट्टी वाजवली आणि हात मागे केला. जीपवाला मुकाट मागे गेला. डोंगराच्या रस्त्यावर हक्क चढणाऱ्याचा, उतरणाऱ्यानं थांबायचं. हे आपल्या वाहतुकीच्या नियमांत लिहिलेलं आहे, आपण कुणी पाळत नाही ही गोष्ट वेगळी. तिथं त्यासाठी वाद घालावा लागत नाही, एक शिट्टी पुरते.

मग तो माझ्या खिडकीशी आला. "मैडम जी, घबराओ मत. हैंडब्रेक पूरा खींचो." मी ओढला. "अब क्लच धीरे छोड़ो, जब तक गाड़ी की आवाज़ भारी न हो." इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित वर उचललं गेलं. "अब हैंडब्रेक छोड़ो." सोडला. गाडी जागची हलली नाही! तशीच उभी राहिली, चढावर, माझ्या पायाखाली. ते तंत्र मला माहीत नव्हतं का? होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवतात. पण भीतीनं डोकं बंद पडल्यावर माहीत असलेलं आठवत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं. आणि त्यानं मला पुढे जायला सांगितलंच नाही. म्हणाला, ही गल्ली पुढे पायऱ्यांत संपते, तुमचं हॉटेल या वाटेवर नाहीच. शिट्टी वाजवत, बस थोडी मागे घ्यायला लावून, त्यानं माझी गाडी इंचाइंचानं खाली कार्ट रोडवर आणून दिली. गाडी मॉलवर नेणाऱ्या लिफ्टजवळच्या पार्किंगमध्ये लावा, सामानाला खान, म्हणजे हमाल करा, आई-बाबांना लिफ्टनं वर न्या. तीन वाक्यांत सगळं शहर समजावलं. मी नीट आभार मानायच्या आत तो बसच्या पायरीवर होता.

तेव्हापासून "लोकांना विचारायची गरज काय, मोबाइल आहे ना" असं कुणी म्हटलं की माझं डोकं उठतं. शिमल्यात पत्ता म्हणजे रस्त्याचं नाव नव्हेच. बसवाल्यांच्या तोंडी 'एक सौ तीन' ऐकलं आणि मला वाटलं बसचा नंबर असेल. ते ठिकाण आहे. कालका-शिमला रेल्वे १९०३ साली सुरू झाली, तिच्या १०३ नंबरच्या बोगद्यावरून त्या जागेचंच नाव तसं पडलंय. हे नकाशावर ठिपका बघून कळणार आहे का? आणि कार्ट रोड हे नाव तरी काय, बैलगाड्यांचा रस्ता. १८६४ मध्ये ब्रिटिशांनी याला उन्हाळ्याची राजधानी केलं तेव्हा माणसं येणार होती पायी, घोड्यावर, डोलीतून. पुढे रिक्षा आल्या, त्याही माणसंच ओढायची. सात टेकड्यांवर पसरलेल्या त्या गावाच्या अंगात मोटार बसतच नाही. यात गावाचा दोष नाही आणि तिथं पहिल्यांदा येणाऱ्याचाही नाही.

हो, मान्य आहे, आपल्यातले काहीजण फार वाईट चालवतात. अरुंद वळणावर ओव्हरटेक करतात, उतारावर न्यूट्रल टाकतात, तिथल्या लोकांवर खेकसतात. अशांवर चिडावं, माझं काही म्हणणं नाही.

पण अडकलेला माणूस वेगळा. तो अडकलाय.

आणि माझ्या मावसभावासाठी खास: त्या संध्याकाळी जीप उतरवणारा पुरुष होता आणि त्यालाही शिट्टी वाजेपर्यंत नियम आठवला नव्हता. तू स्वतः कधी पाचव्या मजल्याच्या उंचीवर, ओल्या सिमेंटवर, मागे बस आणि मागच्या सीटवर म्हातारी आई असताना हँडब्रेकवर गाडी उचललीस का? उचललीस की मग बोलू.

(लिहिता लिहिता चिडले परत. चहा घेऊन आले.)

त्या रात्री गाडी खाली ठेवली आणि नंतर तीन दिवस तिला हातही लावला नाही. पार्किंगमध्येसुद्धा तिथल्या माणसानं नीट लावून घेतली. गाडीचं तोंड चढाला म्हणून पहिला गिअर, उताराला असतं तर रिव्हर्स, आणि पुढची चाकं अशी वळवलेली की सुटलीच तर कठड्याला जाऊन टेकेल, उतारावर धावणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोत चाकं अशी वळवून न लावण्याबद्दल दंड होतो. आपल्याकडे ते पार्किंगवाले काका सांगतात, फुकट.

आमचं सामान उचलणारा खान काश्मीरचा होता. तिथं हमालांना सरसकट खान म्हणतात, मला ते म्हणायला जड गेलं, मी भाईजान म्हटलं. दोन मोठ्या बॅगा दोरानं पाठीवर आवळून, कपाळ पुढे काढून तो पायऱ्या चढत होता आणि दर वळणावर थांबून बाबांची वाट बघत होता. ओझं पाठीवर घेऊन! बाबा म्हणाले, तुम्ही चला पुढे, आम्ही येतो. तर म्हणाला, "बाबूजी, रास्ता आगे दो हो जाता है." वाट फुटत होती म्हणून थांबला होता तो.

तेव्हा जाणार असाल तर जरूर जा. गाडी खाली लावा, खरंच लावा. आई-वडील असतील तर हॉटेलला आधी एकच प्रश्न विचारा: गाडीतून उतरल्यावर दारापर्यंत पायऱ्या किती? "दो मिनट" हे उत्तर चालवून घेऊ नका, आकडा मागा. आमच्या पायऱ्या बाबांनी मोजल्या होत्या, एकशे अठरा.

आणि रस्त्यात कुणाची गाडी मागे सरकताना दिसली तर बघत उभे राहू नका, दगड शोधा. कुठल्याही डोंगरात दगडाला कमी नाही.

तो व्हिडिओ मी आता चौथ्यांदा बघितला. शेवटी गाडी तिरकी होते तेव्हा मागच्या काचेतून एक म्हातारे गृहस्थ दिसतात. त्यांचा हात दाराच्या कडीवर आहे, उतरू पाहतायत. बाहेरून कुणी त्यांच्यासाठी दार उघडायला गेलं का, ते दिसायच्या आत व्हिडिओ संपतो.