जगाचे रंग खरंच उडाले का?

उभ्या रंगपट्ट्यांचा एक आलेख गेली काही वर्षं सतत फिरतो आहे. डावीकडे १८०० साल, तिथे तपकिरी-पिवळसर छटा. उजवीकडे आजचा काळ, तिथे काळं, करडं, पांढरं. सोबतचा मजकूर साधारण असा: ‘जगातून रंग नाहीसे होत आहेत, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. पूर्वी सगळं रंगीत होतं. कंपन्यांनी आपले रंग हिरावून घेतले.’ रंगांचे नमुने ठरवणाऱ्या पॅन्टोन कंपनीने २०२६ चा रंग म्हणून पांढरा निवडल्यावर त्यात आणखी एका पुराव्याची भर पडली.

रंगांवर प्रेम असणारी माणसंच हा मजकूर पुढे पाठवतात, म्हणून तर त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं.’ आलेख खरा आहे. ब्रिटनच्या सायन्स म्युझियम ग्रुपने २०२० साली तो प्रसिद्ध केला. अभ्यासक कॅथ स्लीमन यांनी संग्रहातल्या सात हजारांहून अधिक वस्तूंची छायाचित्रं संगणकाकडून तपासून घेतली. पण वस्तू कुठल्या? कॅमेरे, घड्याळं, दिवे, लेखन-छपाईची साधनं, घरगुती उपकरणं, दिशादर्शक यंत्रं. हा तंत्रज्ञानाच्या संग्रहालयाचा साठा आहे. आपली कपाटं, भिंती, बाजार आणि सणवार त्याच्या बाहेर आहेत. त्यावरून ‘जग’ करडं झालं म्हणणं म्हणजे दवाखान्यात बसून गाव आजारी ठरवणं.

आणि त्या अभ्यासाने कारणही सुचवलं होतं, ते मात्र वाटेत गळून पडलं. जुनी उपकरणं लाकडी होती, नंतरची प्लॅस्टिकची झाली. डावीकडची ती ऊबदार पट्टी मुख्यतः लाकडाची आहे. म्हणजे ज्याच्या नावाने आपण हळहळतो तो ‘हरवलेला रंग’ बराचसा तपकिरीच आहे. शिवाय १९६० च्या दशकापासून अतिशय भडक रंग वापरात येऊ लागल्याची नोंदही त्याच अभ्यासात आहे. ती कोणी पुढे पाठवत नाही.

‘पूर्वी सगळं रंगीत होतं.’ कोणाचं? अस्सल अल्ट्रामरीन निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या दगडापासून व्हायचा आणि युरोपात त्याला सोन्याच्या तोलाचा भाव असे. फ्रान्समध्ये रसायनतज्ज्ञ गिमे यांनी १८२८ च्या सुमारास तो कृत्रिमरीत्या बनवला, तेव्हा कुठे तो सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन लंडनमध्ये कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनापासून क्विनाइन हे हिवतापावरचं औषध करू पाहत होता. हाती लागला जांभळा रंग. त्यानंतर एकेक कृत्रिम रंग येत गेला आणि १८९७ पासून जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीचा कारखानी नीळ बाजारात उतरला. बिहारच्या नीळ व्यापाराचा त्याने बळी घेतला, ही किंमतही विसरू नये. पण गडद, टिकाऊ, स्वस्त रंगाचं कापड साध्या घरात पोचलं ते याच काळात, आलेखाच्या मधल्या टप्प्यात. मराठी मजकुरात ‘आपले रंगीत वाडे’ अशी एक ओळ जोडलेली असते. वाड्यांवर माझा जीव आहे, पण काळा दगड, वीट आणि सागवान हाच त्यांचा मुख्य रंगसंच. भिंतीवरची चित्रं होती, ती ऐपतदारांकडे.

‘कंपन्यांनी रंग हिरावले.’ इथे इतिहास नेमका उलटा दिसतो. फोर्डची मॉडेल टी मोटार सुरुवातीला लाल, हिरवी, करडीही मिळत असे. १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळी निघाली. मग ड्युपाँ या रसायन कंपनीच्या ड्युको रंगाने चित्र पालटलं. तो काही तासांत वाळे, आधीच्या रंगांना दिवसेंदिवस लागत. जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलँड गाड्या निळ्या काढल्या आणि दोन वर्षांत फोर्डलाही रंगांकडे परतावं लागलं. कंपन्यांनी रंग विकून पैसे केले! १९७० च्या दशकात अमेरिकी स्वयंपाकघरांत अ‍ॅव्होकॅडोसारखे हिरवे आणि पिकल्या शेतासारखे पिवळे फ्रिज भरले. लोकांना त्यांचा वीट आल्यावर बदामी आणि पांढरे आले. १९९८ मध्ये अ‍ॅपलने निळसर-हिरवा अर्धपारदर्शक आयमॅक संगणक काढला, तोही बेज रंगाच्या संगणकांच्या गर्दीत उठून दिसावा म्हणून.

पॅन्टोनचं एका वाक्यात सांगता येईल: ती एका कंपनीची निवड आहे, जगाची शिरगणती नव्हे, आणि त्यांचाच २०२३ चा रंग भडक किरमिजी होता.

एका बाबतीत मात्र तक्रार रास्त आहे. जगभर विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य मोटारी आज पांढऱ्या, काळ्या, करड्या किंवा चंदेरी असतात. भारतात पांढऱ्याचा वरचष्मा आहे: ऊन कमी शोषलं जातं आणि पुढे विकताना गिऱ्हाईक पटकन मिळेल असा हिशेब असतो. घर घेतानाही हाच हिशेब भिंतीवर चढतो. पुढच्या मालकाला खटकू नये म्हणून आजचा मालक फिक्यात राहतो. याचा मला मनापासून राग येतो. पण तो राग गाडी ठरवताना ‘हिरवी नको, विकताना अडेल’ या सल्ल्यावर काढायला हवा, १८०० सालच्या लाकडी घड्याळांच्या आलेखावर नव्हे.