गुळण्या करा म्हणे!

शिक्षकाचा घसा बसला की स्टाफरूममध्ये सल्ले सुरू. गुळण्या करा, गोळी चघळा, गरम पाणी प्या, जरा हळू बोलत जा. हळू? समोर पन्नास पोरं, डोक्यावर खडखडणारा पंखा, शेजारच्या वर्गात कवितेचं सामूहिक पाठांतर, आणि म्हणे हळू बोला!

गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही हो. ते श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात, तिथे पाणी गेलं तर ठसका लागेल. प्यायलेलं पाणीसुद्धा त्यांना थेट शिवत नाही, अंगात मुरून मग आतून ओलावा देतं. म्हणून घसा बसल्यावर तांब्याभर पिण्यापेक्षा दिवसभर घोट घोट पिण्यात अर्थ आहे. पण सलग चार तास उभ्या असलेल्या बाई पाणी पीतच नाहीत, आणि का पीत नाहीत हे वेळापत्रक लावणाऱ्यालाही नीट ठाऊक असतं. स्वच्छतागृहात जायची सवड कुठल्या तासाला आहे, दाखवा.

आता जरा हिशेब करू. बाईंचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात. एका तासिकेत निव्वळ आवाज पंधरा मिनिटं चालू राहिला असं धरलं तरी 1 लाख 80 हजार आपटण्या झाल्या. अशा पाच तासिका घ्या, वर परिपाठ, वर जिन्यात ओरडणं. ओरडताना नुसता आकडा वाढत नाही, प्रत्येक आपट जास्त जोराची होते. तिथे सूज येते, आणि रोज तेच चाललं की दोन्ही बाजूंना छोट्या गाठी धरतात. याला नाजूक प्रकृती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मुलाला शब्द स्पष्ट कळायला शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा 15 डेसिबल तरी वर हवा. पंखा आणि कुजबुज मिळून 50 झाले तर मुलाच्या कानाशी 65 पोचायला हवेत. साधं बोलणं एक मीटरवर जेमतेम 60 भरतं, आणि शेवटचा बाक सात-आठ मीटरवर असतो. उघड्या भिंती, उघडी फरशी, त्यामुळे आवाज घुमतो आणि अक्षरं एकमेकांत कालवली जातात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं हरवतात. मागे बसलेल्याला ‘सात’ म्हटलं की ‘साठ’ हे कळत नाही, तो वहीत भलतंच मांडतो, आणि मग त्याला ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ हे विचारायला आवाज आणखी एक पट्टी वर.

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 सालीच लिहून ठेवलंय. गटकार्यात नेमकं तेच होतं. एक गट दुसऱ्यावर चढतो, शिक्षक सगळ्यांवर. म्हणून मुलांवर ओरडून त्यांना गप्प करणं हा सगळ्यात महागडा उपाय. हात वर करून थांबा, ठरलेल्या टाळ्या वाजवा, छोटी घंटा ठेवा, काहीही करा, पण पूर्ण शांतता झाल्याशिवाय तोंड उघडू नका. पहिले काही दिवस फार वेळ जातो, हे खरंय. फळ्याकडे तोंड करून बोलणंही बंद. लिहा, वळा, मग बोला.

घसा खाकरू नका, त्यानेही तंतू आपटतात. घोटभर पाणी गिळा. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, बरेच जण कुजबुजताना घसा आणखी आवळतात. ग्लासात पाणी घेऊन स्ट्रॉ एक-दोन सेंटीमीटर बुडवा आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा, दोन-तीन मिनिटं, पहिल्या तासाआधी. लोक हसतील, हसू द्या. कमरेचा छोटा स्पीकर आणि डोक्याला लावायचा माइक मिळाला तर माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं दूर ठेवा. स्पीकरच्या तोंडाशी माइक गेला की शिट्टी वाजणारच. आणि माइक लावूनही ओरडत राहिलात तर उपयोग शून्य.

पण हे सगळं पुन्हा शिक्षकानेच करायचं! शाळेने काय करायचं? पंख्याच्या पात्यांवरची धूळ पुसून सैल स्क्रू आवळायला शिडी आणि अर्धा तास लागतो. तरीही घरघर राहिली तर बेअरिंग गेलंय, ते बदलायचं. बाकांच्या पायांना रबरी बुचं, मागच्या भिंतीवर मोठा सॉफ्ट बोर्ड, खिडकीला जाड पडदा. तीन तोंडी तासिका सलग न लावणं तर फुकट आहे. ऑफ तास मात्र हमखास बदली तासात जातो, आणि वर्षातून एकदा ताणमुक्तीचं शिबिर भरतं, तेही घुमणाऱ्या सभागृहात, बिनमाइकचं. दीर्घ श्वास घ्या म्हणे. अहो, पंखा दुरुस्त करा!

तीन आठवड्यांहून जास्त आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने तंतू बघून घ्या. गाठी निघाल्या तरी लगेच घाबरू नका, बऱ्याच जणांच्या स्पीच थेरपीनेच कमी होतात. थेरपीत आवाज कमी वापरायला सांगतील. तेवढं कार्यालयात जाऊन सांगून बघा. ताप असला तर रजा मंजूर होते, नुसता आवाज नसला तर उत्तर तयार असतं: ‘मग लिहायला द्या ना, मुलं शांत बसतील.’ आणि लिहायला काय द्यायचं, ते पन्नास जणांना सांगायचं कसं?