आपल्या टॅक्सीवाल्यांचं ॲप बुडवण्याची सोपी रीत

नागपुरातल्या टॅक्सीवाल्यांनी एकत्र येऊन स्वतःचं ॲप काढायचं ठरवलं, की आधी त्यांना पाठिंबा द्या. अगदी मनापासून. सोसायटीच्या ग्रुपवर 'मोठ्या कंपन्यांची लूट थांबलीच पाहिजे' असं लिहा, खाली हात जोडा, ॲप डाउनलोड करा. उघडू मात्र नका. असलं ॲप बुडवायला विरोधक लागत नाहीत, एवढे पाठीराखे पुरतात.

उघडावंच लागलं तर मे महिन्यात दुपारी दोनला उघडा. पारा पंचेचाळीसवर, तुम्ही छत्रपती चौकात, गाडी बारा मिनिटांवर. कंपनीचं ॲपही तेवढीच मिनिटं दाखवतं, पण तिचा उशीर म्हणजे ट्रॅफिक आणि आपल्या माणसांचा उशीर म्हणजे नियोजनाचा अभाव, हा भेद पक्का लक्षात ठेवा. गाडी येतेही, पण उड्डाणपुलावर. वर्धा रोडला वर मेट्रो, मध्ये पूल, खाली रस्ता. नकाशाला तिन्ही सारखेच. चालकाचा फोन येतो, "दादा, मी तर पोहोचलो, तुम्ही काऊन दिसून नाही राहिले?" झालं. एक तारा द्या, आणि कारणाच्या जागी 'सर्व्हिस पुअर' एवढंच लिहा. पुलाचा उल्लेख नको.

खरं कसब भाड्यात आहे. समजा दोनशेच्या भाड्यातून कंपनी पन्नास कापते. तेव्हा तुमचं आणि चालकाचं केवढं मेतकूट! "ॲपवर कॅन्सल मारा ना दादा, डायरेक्ट चला," असं तो हळूच म्हणतो आणि तुम्ही त्याची कणव येऊन मारता, वीस रुपये कमी करून घेऊन. आता त्याच्याच ॲपवर कमिशन नाही, म्हणजे ते पन्नास त्याच्या खिशात राहणार. हे तुम्हाला सहन होता कामा नये. गाडीत बसता बसताच विचारा, "तुम्हाला आता कमिशन लागत नाही न भाऊ? मग दीडशेच घ्या." त्याने घेतले तर महिन्याभरात तो पुन्हा कंपनीकडे जाईल. नाही घेतले तर माजला म्हणून तुम्ही जाल. कंपनी जे पन्नास न विचारता कापत होती, तेच तुम्ही गोड बोलून कापलेत, एवढाच काय तो फरक.

तुम्ही नुसते उतारू नसून कार्यकारिणीवर असाल, तर तुमच्या हातात फारच मोठं काम आहे. बंगळुरूत २०२२ मध्ये रिक्षाचालकांच्या संघटनेच्या साथीने 'नम्मा यात्री' हे ॲप निघालं. भाड्यावर कमिशन नाही. पुढे चालकांकडून दिवसाला २५ रुपये घ्यायला सुरुवात झाली. त्याचा कोड खुला आहे, कोणीही घ्यावा. तुम्ही घेऊ नका. नागपूरची गोष्ट वेगळी आहे, असं ठणकावून सांगा आणि अध्यक्षांच्या जावयाला कंत्राट द्या. मग बोधचिन्हात संत्रं असावं की झिरो माईलचा खांब, यावर तीन सभा घ्या. संत्र्याला पान एक की दोन, यावर चौथी. तक्रारींसाठी सचिवांचा खासगी मोबाइल नंबर जाहीर करा. ते दुपारी एक ते चार झोपतात, तो त्यांचा प्रश्न. चालकांच्या पोलीस पडताळणीचा आणि आणीबाणीच्या बटणाचा विषय 'ऐनवेळचे विषय' या सदरात टाका, म्हणजे त्याआधी पोहे येतील.

वर्गणीचा विषय निघाला की मात्र जागे व्हा. रोज हजार-बाराशेच्या धंद्यातून दोन-अडीचशे कापले जात होते तेव्हा कोणी ब्र काढला नव्हता, कारण कंपनीत ब्र ऐकायला माणूसच नसतो. इथे खजिनदार समोर बसलेला असतो. पंचवीस रुपयांसाठी त्याला चोर म्हणा. केरळ सरकारने २०२२ मध्येच 'केरळ सवारी' आणली, ८ टक्के सेवाशुल्क ठेवून. हे कोणी सांगायला उठला तर "ते सरकारचं आहे" म्हणा. अमूल, इफ्को अशा संस्थांच्या पाठबळावर २०२५ मध्ये 'भारत टॅक्सी'साठी बहुराज्य सहकारी संस्था उभी राहिली, असं सांगितलं तर "ते दिल्लीचं आहे" म्हणा. सहकार म्हणजे काय हे महाराष्ट्राला दुसऱ्यांनी शिकवायचं? प्रवरेचा कारखाना आपण काढला. आणि पॅनेलही आपणच काढली. चालकांचे दोन गट अजून पडले नसतील तर निवडणूक लावा, पडतील.

एवढं करूनही ॲप चालत राहिलंच, तर घाबरू नका; कंपनी सवलतीचं कूपन पाठवेल. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात २०१६ मध्ये चालकांच्या पडताळणीसाठी बोटांचे ठसे घेण्याच्या सक्तीवरून वाद झाला आणि उबर, लिफ्ट दोन्ही रुसून निघून गेल्या. गावकऱ्यांनी ना-नफा तत्त्वावर 'राइडऑस्टिन' काढलं, ते जोरात चाललंही. पुढच्या वर्षी राज्याच्या कायद्याने ती सक्ती उठवली, कंपन्या परतल्या आणि उतारू तिकडे वळले. कोरोनात, २०२० मध्ये, ते कायमचं बंद झालं. ऑस्टिनच्या लोकांना जमलं ते आपल्याला जमणार नाही, असा न्यूनगंड बाळगू नका. धरमपेठ ते विमानतळ चाळीस रुपये स्वस्त दिसले की तत्त्व बाजूला ठेवायला आपल्यालाही फार वेळ लागत नाही.

ॲप बंद पडल्यावर कूपनही बंद होईल. पावसाळ्यात स्टेशनवरून निघताना भाडं दीडपट दिसेल. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत मुभा आहे, त्यामुळे कुरकुर करायची सोय नाही. तरी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकाच. खाली कोणीतरी विचारेल, "आपल्या लोकांचं ते ॲप होतं न बे, त्याचं काय झालं?" त्याला उत्तर तुम्हीच द्या, तुम्हाला अधिकार आहे: "मराठी माणसाला धंदाच जमत नाही." मोबाइलमधलं ॲप मात्र काढू नका. पुण्याहून पाहुणे आले की दाखवायला बरं, आमच्याकडेही होतं म्हणून.