आधार दाखवून 'चॅलेंज वोट' मिळत नाही

मतदान जवळ आलं की एक मेसेज हमखास फिरतो: यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, 'कलम ४९ ए'खाली 'चॅलेंज वोट' मागा. तुमच्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलं असेल तर 'टेंडर वोट' मागा. अशी मतं १४ टक्क्यांच्या वर गेली की फेरमतदान होतं.

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१चं कलम ६२ हेच सांगतं. आधार असो की मतदार ओळखपत्र, त्याने फक्त ओळख पटते. आणि '४९ ए' हा निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला मतदान यंत्राच्या रचनेचा नियम आहे!

चॅलेंज असतं, पण ते तुम्ही मागायचं नसतं. तुमच्यावर घेतलं जातं. उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी केंद्राध्यक्षाकडे २ रुपये भरून 'ही व्यक्ती ती नव्हे' असा आक्षेप घेतो. तिथल्या तिथे चौकशी होते. आक्षेप टिकला नाही तर तुम्ही नेहमीसारखं मत देता, टिकला तर तोतया पोलिसांच्या ताब्यात जातो.

टेंडर वोट मात्र खरं आहे, नियम ४९ पी. केंद्राध्यक्ष ओळखीबद्दल प्रश्न विचारतो. उत्तरं पटली की नमुना १७ बी वर सही घेऊन कागदी मतपत्रिका देतो. यंत्राचं बटण दाबायला मिळत नाही. बाणफुलीचा शिक्का मारून, घडी घालून मतपत्रिका त्याच्याच हाती द्यायची. ती वेगळ्या पाकिटात जाते. मेसेज सांगत नाही ते हे, की मतमोजणीत हे मत धरत नाहीत. निवडणूक याचिकेत हायकोर्टाने मागवलं तरच त्याचा विचार होतो. तरीही हक्काने मागाच, मुकाट्याने परत फिरू नका. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी विधानसभेला एका मताने हरले, आणि पुढच्या कोर्टकज्ज्यात टेंडर मतांचाच प्रश्न उभा राहिला.

१४ टक्क्यांचा आकडा कुठल्याही कायद्यात नाही. यंत्र पळवलं, मोडलं, बिघडलं किंवा मतदान दूषित होईल अशी चूक झाली, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५८खाली निवडणूक आयोग फेरमतदान ठरवतो.

मेसेजवर विसंबून माणूस यादी बघत नाही आणि केंद्रावरून हात हलवत परततो. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव चढत नाही, आणि अर्जाच्या पडताळणीलाही दिवस लागतात. म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता यादीत नाव शोधा. नसेल तर नमुना ६ भरा, पत्ता बदलला असेल तर नमुना ८.