हत्ती स्वस्त, अंकुश मूळ किमतीत

अभिनंदन! दहा-बारा वर्षांपूर्वी जी आलिशान जर्मन गाडी बघून तुम्ही आवंढा गिळला होता, ती आता जुन्या बाजारात नव्या छोट्या हॅचबॅकच्या भावात मिळतेय आणि तुम्ही ती घ्यायचं ठरवलंय. एवढी दूरदृष्टी सगळ्यांकडे नसते. बाकीचे लोक वॉरंटी असलेल्या, रोज सकाळी मुकाट सुरू होणाऱ्या गाड्या चालवतात. चालवू देत बापडे. फक्त एक बारीक बाब वाचा आणि लगेच विसरा. उतरलेली आहे ती गाडीची किंमत. तिच्या टर्बोला, कॉम्प्रेसरला, हेडलाइटला ही बातमी अजून कुणी कळवलेली नाही. ते स्वतःला नव्या कोऱ्या गाडीचेच भाग समजतात आणि त्याच भावाने विकले जातात.

आता मॉडेल निवडा. त्याच गाडीत सहा सिलिंडरचं साधं इंजिन आणि स्टीलच्या स्प्रिंगा असलेला प्रकार मिळत असेल तर तिकडे ढुंकूनही बघू नका. जुन्या बाजारात त्याचा भाव बराच टिकून असतो, यावरूनच तो सामान्य लोकांसाठी आहे हे कळतं. तुम्ही व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन घ्या. बीएमडब्ल्यूचं २००८ पासूनचं एन६३ उत्तम. त्यात गरम धुरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारे दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेत, म्हणजे चुलीवरच चूल. त्या धगीत होस, म्हणजे रबरी नळ्या कडक होतात, वायरिंग ठिसूळ होतं आणि सिलिंडरमध्ये तेल उतरू न देणारे व्हॉल्व्ह स्टेम सील दगडासारखे होतात. मग सिग्नलला दोन मिनिटं थांबून निघालात की मागच्या गाडीला निळसर धुराचा पडदा भेट मिळतो. व्ही-८ कमी वाटत असेल तर मर्सिडीजचं जोड-टर्बो व्ही-१२, म्हणजे एम२७५ आहेच. त्यात २४ स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगीची वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलचे पॅक मात्र दोनच, एकेका बाजूला एक. एका सिलिंडरची ठिणगी रुसली तरी त्या बाजूचं अख्खं पॅक बदलायचं.

प्रत्यक्ष गाडी बघायला जाताना मालकाला आधी फोन करून सांगा, "आम्ही येईपर्यंत जरा चालू करून ठेवा." हा सल्ला फार महत्त्वाचा आहे. थंड इंजिन रात्रभरानंतर सुरू केलं की पहिले दोन-चार सेकंद ते खरं बोलतं. टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या साखळीचा खडखडाट, ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधून उतरलेलं तेल, धुराचा पहिला भपका, सगळं त्याच वेळात बाहेर येतं. गरम इंजिन सभ्य असतं. ऑडी एस४ मध्ये २००३ ते २००८ च्या दरम्यान जे ४.२ लिटरचं व्ही-८ यायचं, त्याची टायमिंग चेन पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन धरून ठेवणारे गाईड प्लॅस्टिकचे आहेत. प्लॅस्टिक झिजतं किंवा तुटतं, आणि तिथवर पोचायला इंजिन गाडीतून उतरवावं लागतं. गाईडची किंमत ऐकून तुम्हाला हायसं वाटेल. मजुरीचे तास ऐकताना खुर्चीत बसलेले असा.

मर्सिडीजचं एम२७२ हे व्ही-६ पाहिलंत तर २००८ च्या आधीचंच शोधा. त्यातल्या, कंप शमवणाऱ्या बॅलन्स शाफ्टच्या चेनचक्राचे दात अकाली झिजतात. चेन चुकीच्या ठिकाणी बसते, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची वेळ चुकते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. चक्र तळहातावर मावेल एवढंच, पण ते बदलायला पुन्हा इंजिन खाली. दिवा लागलेला नसेल तर निर्धास्त व्हा आणि बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर अजिबात लावू नका. कुणी आगाऊ मित्राने लावलाच, तर निदान त्याला रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते सांगणारी यादी बघू देऊ नका. त्यातले बहुतेक 'अपूर्ण' दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय असा अर्थ होतो. उगाच व्यवहारात कडवटपणा कशाला?

आता या थाटाचा प्राण, एअर सस्पेन्शन. स्प्रिंगच्या जागी रबराची हवेची पिशवी असते. रबर दुमडतं तिथेच वर्षानुवर्षं हलतं आणि घडीवर केसासारख्या चिरा पडतात. गाडी चालू असताना काहीच कळत नाही, कारण कॉम्प्रेसर गळलेली हवा भरत राहतो. रात्री तो झोपतो आणि सकाळी तुमचा हत्ती एका कोपऱ्यावर बसलेला दिसतो. काही लोक रात्री चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत टेप लावून चारही उंच्या लिहून ठेवतात, सकाळी पुन्हा मोजतात, मग स्टिअरिंग पूर्ण वळवून पिशवीच्या घडीवर आणि हवेच्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधतात. एवढे कष्ट तुम्ही घेऊ नका. 'कॉम्प्रेसर गेला' असं जाहीर करा, नवा कॉम्प्रेसर बसवा आणि गळकी पिशवी तशीच ठेवा. जुना मेला तो याच पिशवीला रात्रंदिवस हवा पुरवून. नवाही त्याच कामावर रुजू होईल आणि तापून तापून त्याच वाटेने जाईल. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिलेही जुनाच ठेवा. त्याचे संपर्क चिकटले की कॉम्प्रेसर गाडी बंद असतानाही चालत राहतो, जळेपर्यंत किंवा बॅटरी संपेपर्यंत. दोन्हींपैकी आधी काय होतं, एवढीच उत्सुकता उरते.

पिशव्यांना कंटाळलात तर हायड्रॉलिकवाला प्रकार आहे, मर्सिडीजचा एबीसी, म्हणजे ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल. तिथे हवेच्या जागी तेल, सुमारे २०० बार दाबाचं. होस फुटला तर रस्त्यावर उमटलेली तेलाची रेघ धरून तुम्ही नक्की कुठून आलात ते कुणालाही सांगता येतं.

इंजिनाच्या गळतीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण खरी कलाकुसर तिथे आहे. बीएमडब्ल्यूच्या एन५२, एन५४, एन५५ या सहा सिलिंडरच्या इंजिनांत ऑइल फिल्टर ज्या घरात बसतो, त्याच्या मागे एक रबरी गॅस्केट असतं. सगळ्या गाडीत याहून स्वस्त वस्तू शोधून सापडायची नाही. ते कडक झालं की तेल पाझरतं आणि थेट खालच्या पट्ट्यावर, म्हणजे बेल्टवर टपकतं. तेल प्यायलेला पट्टा फुगतो, सरकतो, पुलीवरून उतरतो. उतरला तर पडावा की नाही खाली? तो क्रँकच्या पुलीमागे अडकतो, त्याचे धागे पुढच्या ऑइल सीलमधून आत ओढले जातात आणि थेट इंजिनाच्या पोटात, तेलपंपाच्या जाळीपर्यंत पोचतात. जाळी तुंबली की तेलाचा दाब गेला, दाब गेला की बेअरिंगं गेली. गॅस्केट ते इंजिन हा प्रवास पूर्ण करायचा असेल तर दर सर्व्हिसला मॅकेनिक म्हणेल, "साहेब, इथे थोडं ओलं दिसतंय," आणि तुम्ही म्हणायचं, "थोडंच आहे ना? पुढच्या वेळी बघू."

त्याच इंजिनांचा पाण्याचा पंप विजेवर चालतो. साधा पंप मरण्याआधी कुरकुरतो, थेंब थेंब गळतो. हा सुशिक्षित आहे, न बोलता जातो. बदलायची वेळ आली तर थर्मोस्टॅट जुनाच ठेवा, तो तिथेच शेजारी असला आणि पुन्हा तेवढंच खोलावं लागणार असलं तरी. एन५२ चं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे, म्हणून पंपाचे बोल्ट ॲल्युमिनियमचे, एकदाच वापरायचे आणि ठराविक टॉर्कनंतर ठराविक अंशात पिळायचे. तुम्ही जुनेच वापरा, अंदाजाने आवळा. एखादा आत तुटला की अंदाज चुकल्याचं लगेच कळतं. कूलंट भरल्यावर हवा काढायची पद्धत अशी आहे: बॅटरीला चार्जर लावायचा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करायचं, हीटर कमाल तापमानावर, पंखा अगदी कमी, मग ॲक्सिलरेटर दहा सेकंद तळापर्यंत दाबून सोडायचा. पंप आपोआप बारा मिनिटं फिरून हवा बाहेर काढतो. बारा मिनिटं! एवढा वेळ कुणाला आहे?

पोर्शे कायेनवाल्यांना वाईट वाटू नये म्हणून सांगतो, पहिल्या पिढीच्या व्ही-८ मध्ये कूलंटच्या नळ्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि त्या हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डखाली, गरम खोबणीतच घातल्यात. पुढे कंपनीने ॲल्युमिनियमच्या नळ्या दिल्या. घ्यायच्या गाडीत त्या आधीच बसवल्या असतील तर मजा गेली. मर्सिडीजच्या ओएम६४२ डिझेलमध्ये ऑइल कूलरही अशाच खोबणीत, टर्बो आणि मॅनिफोल्डच्या तळाशी. त्याचे मूळ सील नारिंगी, नंतरचे सुधारित जांभळे. मुठीत मावणाऱ्या या सीलांसाठी इंजिनाचा वरचा सगळा संसार उतरवावा लागतो. तेवढं उतरवल्यावर नारिंगीच परत बसवायची हिंमत तुमच्यात हवी.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल एक सुखद बातमी आहे. त्यातलं तेल 'आयुष्यभराचं' असतं. कुणाच्या आयुष्यभराचं, असले फाटे फोडू नका. तेलाचं संपलं की गिअरबॉक्सचंही संपतं, म्हणजे दावा शब्दशः खराच. यातले बरेच गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणते. सहा गिअरच्या ६एचपी मध्ये बऱ्याच गाड्यांत फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच घडवलेला असतो, म्हणजे फिल्टरबरोबर पॅनही नवा. तेल भरायचं ते इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांत असताना, भरणीच्या भोकातून बारीक धार बाहेर येईपर्यंत. हे तापमान स्कॅनरवर बघावं लागतं. हात लावून बघणारा मॅकेनिक सापडला तर सोडू नका. गिअर बदलताना धक्का बसू लागला की तोच तुम्हाला दुसरा गिअरबॉक्स शोधून देईल.

मर्सिडीजच्या जुन्या पाच गिअरच्या ७२२.६ चा किस्सा तर अभ्यासण्यासारखा. बाजूच्या विजेच्या प्लगची ओ-रिंग गळते आणि तेल वायरींच्या आतून, दिव्याच्या वातीत चढावं तसं, चढत चढत कंट्रोल युनिटपर्यंत जातं. गळती खाली आणि बिघाड वर. शोधणाऱ्यालाही काम, तुम्हालाही.

पाणी हा तर शत्रू नंबर एक, पण तो दबक्या पावलांनी येतो. काचेखालच्या पन्हाळीत आणि सनरूफच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्यांत पालापाचोळा साचू द्या. पावसाचं पाणी मग वाट काढत गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी जमतं. तिथेच डिझायनरने बॅटरी आणि दोन-चार मॉड्यूल, म्हणजे गाडीचे छोटे संगणक ठेवलेले असतात. ध्वनिव्यवस्था, नेव्हिगेशन, फोन हे सगळे प्रकाशतंतूच्या (ऑप्टिकल फायबरच्या) एका कड्यात हात धरून उभे असतात. एकाने हात सोडला की सगळे मुके. मूळ दोषी नेमका कोण, हे शोधायला एकेकाला कड्यातून वगळत जावं लागतं.

आणि रोज सकाळी बॅटरी उतरलेली असेल तर सरळ नवी आणा, तिची नोंद गाडीच्या संगणकात करू नका. संगणक तिला जुनी, थकलेली समजून चार्ज करत राहील आणि ती लवकरच तशी होईल. गाडी बंद असताना वीज खाणारा खरा चोर शोधायला मीटर लावावा लागतो, दाराच्या लॉकमध्ये स्क्रूड्रायव्हर फिरवून गाडीला दार बंद असल्याचं भासवावं लागतं, मग सगळी मॉड्यूल झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबायचं. त्यानंतर प्रवाह साधारण ५० मिलिॲम्पियरच्या खाली यायला हवा. न आल्यास एकेका फ्यूजवरचा सूक्ष्म व्होल्टेज मोजत जायचं. फ्यूज उपटून बघणं सोपं असतं, पण परत लावताना झोपलेली मॉड्यूल जागी होतात आणि थांबणं पहिल्यापासून सुरू. तुम्ही उपटाच.

इथे एक वाक्य थट्टेशिवाय. मर्सिडीजच्या एसबीसी, म्हणजे संगणकाने दाब देणाऱ्या ब्रेकच्या गाडीत, उदाहरणार्थ २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या ई-क्लास मध्ये आणि त्या पिढीच्या एसएल मध्ये, डायग्नोस्टिकवरून यंत्रणा निष्क्रिय केल्याशिवाय ब्रेकच्या पॅडला हात लावू नका. कुणी नुसतं दार उघडलं तरी ती स्वतःहून दाब घेऊ शकते आणि मध्ये बोटं असतील तर ती बोटं आहेत हे तिला कळत नाही.

टायर एकेकच बदला. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एक टायर नवा आणि तीन झिजलेले असले की घेर वेगळे पडतात, आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधला क्लच सरळ रस्त्यावरही घासत राहतो.

पैशाचं काय? जाणकार म्हणतात, गाडीच्या किमतीइतकी नाही तरी निदान तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. एवढी रक्कम हाताशी असेल तर ती घालून वरचं मॉडेल घ्या ना! भंगारातला स्वस्त भागही जरूर आणा. बसवल्यावर कळेल की तो त्याच्या जुन्या गाडीच्या चेसिस नंबरशी बांधलेला आहे आणि तुमच्या गाडीला ओळखच देत नाही.

शेवटी विकायची वेळ येईलच. गाडी धुवा, पुसा, इंजिनही धुवा म्हणजे गळतीचे डाग जातात. कोड पुसा. गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास चालवून आणा, म्हणजे चारही कोपरे उंच उभे राहतील. येणारा दाराशीच थबकून आवंढा गिळताना दिसला तर किमतीत एक पैसा सोडू नका. पण एखादा सकाळी सातला टॉर्च आणि मोजायची टेप घेऊन आला, आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवून "गरम कशी काय?" असं विचारू लागला, तर गाडी कालच विकली म्हणून सांगा.