मामा, बोर्दो म्हणजे काढा नव्हे

मामांची अँजिओप्लास्टी होऊन दीड वर्ष झालं. परवा त्यांच्याकडे गेलो तर फ्रीजच्या दारात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, बोर्दोची, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या रेड वाइनची, उघडी बाटली. मीच दिलेली, एखाद्या रविवारी मटणाबरोबर सगळे मिळून घेऊ म्हणून. मामा रोज रात्री खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने चार झाकणं मोजून, नाक मुरडत घेत होते. वर मला विचारतात, "आता रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर चालेल ना रे?"

हे सगळं 'फ्रेंचांना हार्ट अटॅक का येत नाही?' या फॉरवर्डचं देणं. रेड वाइन म्हणजे हृदयाचं औषधच, असं त्यात ठोकून दिलंय. त्यातले दावे एकेक करून घेऊ.

गोळीचं आधी. फॉरवर्ड म्हणतो, रेड वाइनमधलं रेस्व्हेराट्रॉल (द्राक्षाच्या सालीतलं एक रसायन) ब्लॉकेज विरघळवतं. अहो, लिटरभर वाइनमध्ये ते असतं जेमतेम काही मिलिग्रॅम. अगदी दहा धरा. माणसांवरच्या प्रयोगांत दिवसाला दीडशे मिलिग्रॅम आणि त्याहून कितीतरी जास्त दिलेलं आहे. दीडशेसाठीच पंधरा लिटर, म्हणजे रोज वीस बाटल्या! स्टेंट बसवलेल्या माणसाने मनानेच गोळी सोडली तर त्या स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. फॉरवर्ड लिहिणारा तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलावायला येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्वच्छ सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, धोका पहिल्या थेंबापासून सुरू होतो. त्यात महागड्या फ्रेंच वाइनला सूट नाही.

'1855 मध्ये नेपोलियनने हृदयासाठी उत्तम वाइन निवडल्या.' तुम्हाला-आम्हाला शाळेत शिकवलेला नेपोलियन 1821 मध्येच गेला. 1855 ला गादीवर होता त्याचा पुतण्या, तिसरा नेपोलियन. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी शातोंची, म्हणजे तिथल्या वाइन बनवणाऱ्या मळ्यांची, यादी केली ती बाजारात मिळणाऱ्या भावावरून. म्हणजे रेटकार्डच ते! त्यात नाडी कुणाची तपासली?

'हे आपलं द्राक्षासवच.' द्राक्षासव चमचे मोजून, पाणी घालून घेतात. पुढे बोलत नाही.

एक मात्र कबूल करावं लागेल. सेर्ज रेनो नावाच्या फ्रेंच संशोधकाने 1992 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, की लोणी-चीज खाऊनही फ्रान्समध्ये हृदयविकाराचे मृत्यू कमी, आणि त्याचं श्रेय वाइनला असावं. आकडे खोटे नव्हते. पण पिणारे आणि न पिणारे यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत 'न पिणारे' म्हणून मोजलेल्यांत आजारपणामुळे सोडलेलेही असतात. त्यांच्याशेजारी पिणारा ठणठणीतच दिसणार.

'जुनी तितकी गुणकारी' हेही थोतांड. बहुतेक बोर्दो काही वर्षांत पिऊन टाकायचीच असते. दशकानुदशकं टिकतात त्या मोजक्या शातोंच्या.

मला स्वतःला बोर्दो आवडते. बोर्दोतल्या मेदोक भागाच्या खडीच्या जमिनीतल्या कॅबरने द्राक्षांचा तुरटपणा जिभेला कोरड पाडतो आणि मटणाची चरबी तोंडात आली की मऊ होतो. ती प्यायची सोळा-अठरा अंशांना. फ्रीजमधून थेट काढली की तुरटपणा अंगावर येतो, म्हणून तर मामांचं नाक मुरडत होतं.

डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला. गोळी चालूच आहे. बाटली उघडून नऊ दिवस झाले होते, मामी म्हणाली रश्श्यात घालते.