घोडं पेंड कुठं खातं?

मालक, दिवाळीत अकलूजच्या बाजारातून घोडी आणलीत ना? मग आता टॉनिक-पावडरचा डबा आणायलाच हवा. वैरण, मीठ, पाणी काय, बैलालाही मिळतं. डबा निवडणं सोपं आहे. चित्रातला घोडा दोन पायांवर उभा असावा आणि नावात 'गोल्ड' किंवा 'पॉवर' असावं. अश्वगंधा असेल तर डोळे मिटून घ्या; त्या मुळीला घोड्यासारखा वास येतो म्हणून ते नाव पडलं, पण नावात अश्व आहे एवढं आपल्याला पुरे.

घोडीचं वजन काढायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्यायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोत अंदाजे वजन मिळतं. शिंप्याची टेप दीडशेलाच संपते, मग सुतळी लावा, ती परत मोजा. एवढा उद्योग सांगितलाय कुणी? शिवाय घेर १६० आणि लांबी १४५ भरली तर घोडी निघते ३१२ किलोची, आणि डब्यावरचा डोस बहुधा ५०० किलोच्या घोड्याचा असतो. उगाच मनस्ताप. त्यात हेही कळतं की तिला रोज किमान पावणेपाच किलो कोरडी वैरण जायला हवी, आणि आपण तर दोन पेंढ्या कडबा टाकून मोकळे झालोय.

लेबलची मागची बाजू वाचू नका. तिथे लिहिलेलं असतं, 'बायोटिन, प्रति किलो १०० मिलिग्रॅम'. बायोटिन म्हणजे खुरासाठी देतात ते जीवनसत्त्व. डोस ३० ग्रॅमचा, म्हणजे पोटात गेले ३ मिलिग्रॅम. खुरांवर ज्या मात्रेचा उपयोग होतो ती मोठ्या घोड्याला दिवसाला १५ ते २०. आपल्या घोडीला त्या हिशेबाने १० धरले तरी रोज १०० ग्रॅम पावडर लागेल आणि किलोचा डबा दहा दिवसांत खडखडाट. त्यातही फायदा नव्याने येणाऱ्या खुराला, आणि खूर महिन्याला वाढतं सहा ते दहा मिलिमीटर. वरून खालपर्यंत नवं यायला नऊ महिने ते वर्ष. तुम्ही मात्र पंधराव्या दिवशी नालबंदाला विचारा, "पडला का फरक?" तो नाही कशाला म्हणेल?

एका डब्याने भागत नसेल तर तीन घ्या: एक खुराचा, एक केसांचा, एक ताकदीचा. तिन्हींत सेलेनियम नावाचं खनिज असेल, तर असू द्या. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण एक मिलिग्रॅम पुरतं. ते रोज फार जास्त जात राहिलं की आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि केसाळ कडेखाली खुराला आडवी चीर पडते. म्हणजे मग केसांचा डबा आणि खुराचा डबा, दोन्ही पुन्हा घ्यायला कारण तयार! २००९ साली फ्लोरिडात पोलोच्या मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर २१ घोडे मेले. टोचलेल्या टॉनिकात सेलेनियमचं माप चुकलं होतं.

घोडी खाते पण अंगी लागत नाही? रक्तवाढीचं टॉनिक पाजा. लीद तपासून जंत बघायची गरज नाही; जंत रक्त पितील, आपण लोह ओतू. दाढा तर मुळीच बघू नका. कडबा चघळून तिने बोळे करून खाली टाकले, तर ती खेळतेय म्हणा. दाढेच्या कडा धारदार होऊन गाल कापतात आणि कानशीने घासल्या की घोडी पुन्हा नीट चावायला लागते, पण कानशीच्या डब्यावर घोड्याचं चित्र नसतं. बी-कॉम्प्लेक्सही घाला. चांगली वैरण खाणाऱ्या घोड्याच्या मोठ्या आतड्यात ते आपोआप तयार होतं. जास्तीचं मुतावाटे जाईल, तबेल्याची जमीन सुदृढ होईल.

चंदीत, म्हणजे घोडीच्या दाण्याच्या खाद्यात, गव्हाचा कोंडा सढळ हाताने घाला. त्यात कॅल्शियमच्या कित्येक पटींनी फॉस्फरस असतो, आणि घोड्याला हवं असतं नेमकं उलट. ते महिनोन्महिने चाललं की हाडांतलं कॅल्शियम निघून जातं आणि तोंडाची हाडं सुजतात. लोक म्हणतील, घोडी चेहऱ्याने भरली! लसूणघासाच्या चाऱ्याने हा तोल बऱ्यापैकी सावरतो, पण तो डब्यात मिळत नाही.

मे महिन्यात पारा ४२च्या वर आणि घोडी वरातीत तीन तास घामाघूम. तेव्हा गाईचा चाटण-विटकर, म्हणजे चाटायची मिठाची वीट, टांगा. घोड्याची जीभ गाईसारखी खरखरीत नसते, त्यामुळे विटकर वर्षभर टिकेल. चंदीत रोज वीस-तीस ग्रॅम खडेमीठ कुटून टाकणं आणि पाण्याची बादली भरलेली ठेवणं हे फारच गावठी.

आता खरा प्रश्न, घोडं पेंड कुठं खातं? आपल्याकडे शेजारच्या गोठ्यात खातं. गाईचं खाद्य स्वस्त, पोतं आयतंच उघडं. त्यात किंवा कोंबडीखाद्यात मोनेन्सिन नावाचं मिसळायचं औषध असलं तर गाय-कोंबडीला ते चालतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याने जळतात. अंगाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या घोडीला मरायला एक ग्रॅमसुद्धा नको. घोड्याला उलटी करता येत नाही आणि यावर उतारा नाही. पोत्यावरची चिठ्ठी वाचली असती तर कळलं असतं, पण वाचायचं नाही असं आपलं वरच ठरलंय.

आणि डबा रिकामा झाला की फेकू नका. चंदी मोजायला झकास होतो. त्यात हरभरा भरला तर वजनाने जेवढा भरतो, त्याच्या निम्म्यानेही कोंडा भरत नाही. काट्यावर घालून बघू नका, दोन्हींना 'एक डबा'च म्हणा.